पुजलेला बैल

मल्लिनाथ सरांनी मातीचा बैल खोक्यात घालून, स्कूटरवर पायांपाशी ठेवून, सोलापुरातले सगळे खड्डे चुकवत घरापर्यंत सुखरूप आणला. स्वयंपाकघरातल्या फळीवर तो ठेवला आणि स्वारी आंघोळीला गेली. इथंच घोटाळा झाला.

बैल नववीतल्या रुद्राणीने केला होता. दुसऱ्या दिवशी शाळाशाळांचं कलाप्रदर्शन होतं, आणि चित्रकलेच्या वर्गात खिडकीतून मांजरं शिरत, म्हणून सरांनी तो घरी आणलेला. रुद्राणीचा बाप मंजुनाथ, पंक्चरचं दुकान चालवणारा गडी, त्याने बजावून ठेवलं होतं, "बक्षीस आलं तर चित्रकला. न्हायतर दहावीला गणिताची शिकवणी. माती थापून कुनाचं पोट भरलंय?" त्यामुळे पोरगी महिनाभर शाळेत त्या बैलाच्या वशिंडाशी झटत होती.

सर आंघोळ करून आले, तर घरात उदबत्तीचा वास. बैलाच्या कपाळावर हळदीकुंकू, गळ्यात झेंडूचा हार, तोंडाला पुरणपोळी. समोर सरांची आई गुरम्मा पदराने डोळे टिपत बसलेली.

सरांना रंगाच्या बारीकसारीक छटा कळत, पण तिथी विचाराल तर नाव नको. आज मातीचे बैल पुजायची अमावास्या होती.

"मल्लू," गुरम्मा म्हणाली, "इतकी वर्सं मीच बाजारातनं बैल आनते की रं. आज पयल्यांदा तुला सन आटवला! तुजे अप्पा असते तर लई खूश झाले असते बग."

आता या बाईला काय सांगायचं? सर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेले. तिथे त्यांची बायको शिवलीला तोंडात पदर कोंबून हसत होती.

"तू सांग ना आईला," सर कुजबुजले.

"मी कशाला? मी आपली पोळ्या लाटतेय. तुमचा बैल, तुम्ही निस्तरा."

तोवर गुरम्माने आळीभर बातमी पोचवली होती. शेजारणी ताटं घेऊन आल्या. लेकाने स्वतःहून आणलेला बैल म्हटल्यावर प्रत्येकीने मनोभावे पाणी शिंपडलं. बैल कच्च्या मातीचा!

"पाणी नको, पाणी नको!" सर ओरडले.

"का रं?"

"त्याला... सर्दी होईल."

बायका हसून लोटपोट झाल्या आणि सरांच्या डोळ्यांदेखत बैलाचं नाक विरघळून खाली आलं.

सकाळी मात्र सरांनी मन घट्ट केलं. "आई, बैल पूजेसाठी नव्हता आणला. माझ्या विद्यार्थिनीचा आहे. आज प्रदर्शनात न्यायचाय."

गुरम्माचा चेहरा उतरला. "म्हंजी तुला सन आटवला नव्हता."

"नाही, आई."

गुरम्मा उठली आणि तिने पायात चपला सरकवल्या. "लेकराचं नुकसान केलं की मी. चल, मी सांगते तितं." रिक्षात तिने बैल मांडीवर घेतला आणि वाटभर त्याला दोन्ही हातांनी धरून बसली.

पण तिथं तिचं ऐकतो कोण! परीक्षकांनी कुंकू पाहिलं, वाहून गेलेलं नाक पाहिलं आणि "ही मूळ कलाकृती राहिली नाही" म्हणून ते पुढच्या टेबलाकडे वळले. रुद्राणीचे डोळे भरून आले. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मंजुनाथ आला. दुकान अर्ध्यात टाकून आलेला, हात काळेमिट्ट. लेकीला काही विचारण्याआधी त्याची नजर टेबलावर गेली. त्याने हात पँटला पुसले, चपला काढल्या आणि बैलाला वाकून नमस्कार केला. मग एकदम कपाळाला आठ्या घातल्या.

"सर, दुसरा कुटं हाय?"

"दुसरा कोण?"

"दुसरा बैल! पुजलेला बैल एकटा कसा ठेवलाय? जोडी लागती की!"

"अय्यो, व्हय की!" गुरम्माने कपाळावर हात मारला. "काल आनंदाच्या भरात माज्या ध्यानातच आलं न्हाय."

"असं कुटं असतंय व्हय? कुनी केलाय ह्यो?"

"मी, अप्पा," रुद्राणी म्हणाली.

मंजुनाथ तिच्याकडे बघतच राहिला. पुन्हा बैलाकडे वळून त्याने वशिंडावरून हलकेच बोट फिरवलं. आवाज जरा खाली आला. "मग दुसरा का न्हाय केलास?"

रुद्राणीने डोळे पुसले. "पुढच्या वर्षी करनार होते की. पन तुमी चित्रकला बंद करनार म्हनता."

गुरम्मा कमरेवर हात ठेवून मंजुनाथकडे अशी बघत होती, की उत्तर चुकलं तर त्याची काही खैर नव्हती.

मंजुनाथने काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या.

"दुसऱ्याची शिंगं जरा मोटी काढ," तो म्हणाला.