सुरवसेंचा पाचवा बदल

आमच्या कंपनीच्या बसमध्ये नवा माणूस चढला की सुरवसे त्याला गाव विचारत नाहीत, हुद्दा विचारत नाहीत. मोशीपासून चाकणपर्यंत त्याला नुसते न्याहाळतात आणि उतरताना मला निकाल सांगतात, "बी रीजन."

सुरवसेंना नाद आहे सिनेमाच्या ब्लू-रे डिस्कचा. सगळी बस मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असताना हा एकच माणूस अजून डिस्क विकत घेतो. या डिस्कवाल्यांनी म्हणे जगाचे तीन तुकडे केलेत. अमेरिका, जपान, कोरिया हे ए रीजन. युरोप बी. आपण, चीन, रशिया सी. एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनच्या यंत्रात घातली की यंत्र सरळ नाही म्हणतं. सुरवसेंनी हीच वाटणी माणसांना लावली. ए म्हणजे साहेब लोक. बी म्हणजे माणूस भला, पण आपल्याशी जमायचं नाही. सी म्हणजे आपला. मला सी मिळायला चार वर्षं लागली.

त्यांच्याशी बोलणं ही एक शिक्षाच होती. आधी खांदा धरून तुम्हाला स्वतःकडे वळवणार, "कदम, इकडं बघा," म्हणणार आणि मग एकेक शब्द सुटा करून, ओठ पुरते हलवून बोलणार. मी मुळात चिडका माणूस. एकदा म्हणालोही, "अहो सुरवसे, मी काय पहिलीतला आहे का?" त्यावर ते तितक्याच सावकाश म्हणाले, "सवय हाय." मग मी बसमध्ये त्यांची नक्कल करायला लागलो. लोक हसायचे. सुरवसेही हसायचे.

ते मूळचे धाराशिवकडचे. आमच्याकडे इन्स्पेक्शनला आहेत. केसभर फरक असला तरी माल परत. "नियमात बसतंय का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. सप्लायर त्यांना बघून रस्ता बदलतात. डिस्कच्या बाबतीतही तेच. मी म्हणालो, "बाजारात कुठल्याही रीजनची डिस्क चालवणारी यंत्रं मिळतात, तसलं एक आणा की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नापास मालावर सही मागितली.

त्यांच्याकडे कॉम्प्युटरला जोडलेला ड्राइव्ह होता. त्यात रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा. पाचव्या वेळी जिथे जाल तिथे कायमचे. हे पाच नियमात बसतात, म्हणून सुरवसेंना मान्य. पहिला बदल जपानी साहेबानं निरोपाला दिलेल्या डिस्कपायी झाला, दुसरा परत सीवर यायला. तिसरा त्यांच्या मेव्हण्यानं न विचारता केला. चौथा पुन्हा सीवर यायला. मेव्हण्याशी वर्षभर बोलणं बंद होतं.

राहिला एक. तो त्यांनी जिवापाड जपला होता. "कशासाठी ठेवलाय?" असं कुणीही विचारलं की म्हणायचे, "लागंल."

स्टुडिओवाल्यांच्या चाली त्यांना तोंडपाठ. एका देशात डिस्क आली म्हणून दुसऱ्या देशातल्या थिएटरचा गल्ला बुडू नये, यासाठी हे रीजनचे कोड. कोण कोड घालतो, कोण घालत नाही, कोण आधी साधी डिस्क काढतो आणि वर्षानं तीच नटवून पुन्हा काढतो, सगळं सांगायचे. मात्र एका गोष्टीवर त्यांचा आवाज चढायचा. "सिनेमा त्योच, कदम. पण आपल्याकडच्या डिस्कवर खाली येणाऱ्या अक्षरांच्या पट्ट्या नुसत्या बोलण्याच्या. तिकडच्या डिस्कवर आवाजाच्याबी पट्ट्या असत्यात, पाऊस पडतोय, कुत्रं भुंकतंय, असल्या. आपल्याला म्हणून काढून टाकल्या." एका जुन्या इंग्रजी सिनेमासाठी त्यांनी इथल्या वितरकाला पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं, की भारतात ही डिस्क काढण्याचा विचार नाही. ते पत्र ते महिनाभर खिशात घेऊन फिरत होते. मला वाटलं, एवढ्याशा पट्ट्यांसाठी काय हा त्रागा.

मग एका सोमवारी ते बसमध्ये दोन मोठ्या पिशव्या घेऊन चढले आणि सीटसीटवर डिस्क वाटत सुटले. सगळ्या सीचा कोड असलेल्या, पंधरा वर्षांत एकेक करून जमवलेल्या. माझ्या मांडीवर दहा ठेवल्या. मी घाबरलो. माणूस सगळं वाटायला लागला की मनात भलतंसलतं येतं.

"सुरवसे, बरं आहे ना?"

त्यांनी माझा खांदा वळवला. "त्यो सिनेमा तिकडनं मागवला. पाचवा वापरला. बीवर गेलो. आता ह्या माझ्याकडं चालायच्या न्हाईत."

"एका सिनेमासाठी?"

"रविवारी घरी या. बघा."

चिखलीतल्या त्यांच्या घरी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेलो. दार सुरवसेंनी उघडलं. आत शैलजावहिनी टीव्हीसमोर बसल्या होत्या. मी नमस्कार म्हणालो, त्यांनी वळूनही बघितलं नाही. सुरवसे त्यांच्या समोर गेले, खांद्याला हात लावला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "कदम. आलेत."

माझे कान तापले. बसमध्ये केलेल्या सगळ्या नकला एकदम आठवल्या.

वहिनी निगडीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. तापाचं निमित्त झालं आणि दोन्ही कान गेले. कानाच्या यंत्राचाही उपयोग नव्हता. पोरांचं ऐकू येईना म्हणून त्यांनी शाळा सोडली. सुरवसे हे सगळं स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता सांगत होते. बसमध्ये का नाही बोललात, असं मी विचारलं. म्हणाले, "लोक तिला हळहळत बघत्यात. तिला त्ये आवडत न्हाई."

पडद्यावर एका आडगावच्या स्टेशनमास्तरची गोष्ट चालली होती. लग्नानंतर दोघांनी पुण्यात बघितलेला पहिला इंग्रजी सिनेमा तोच. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. वहिनी मला ती मराठीत करून सांगत होत्या. आवाज जरा मोठा होता, पण शिकवण्याची लकब अजून तशीच. "लांबून गाडी येते. कपात चमचा वाजतो. बाई स्वतःशीच गुणगुणते." मला ते सगळं ऐकू येत होतं आणि मी त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

मग अक्षरं आली, 'दारावर थाप.' वहिनी सुरवसेंकडे वळून हसल्या. "बघा, ह्या बाईच्या दारावरची थाप कशी लिहून येते. आपल्याकडं कुणी थाप मारली तर मला कुठं लिहून येतंय?"

सुरवसे कप ठेवून त्यांच्या समोर गेले. "मी हाय की," म्हणाले.

त्यांचे ओठ बघून वहिनींनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. हा माणूस पंधरा वर्षांचा साठा वाटून आला होता, आणि आम्ही बसमध्ये त्याला वेड लागलंय म्हणत होतो.

सिनेमा संपल्यावर मी उठलो. दाराशी जाऊन पाठमोराच "येतो" म्हणणार होतो, तो थांबलो. परत आत आलो, वहिनींच्या समोर उभा राहिलो आणि एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "येतो. वहिनी."

"सावकाश जा," त्या म्हणाल्या.