सात नंबरात कोण राहतं?

पुणे जिल्ह्यात आजवर एवढं पारखून कुणी घर घेतलं नसेल, असं दत्तोबा पडवळ भेटेल त्याला सांगत. सांगणारच! खडकी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काट्यापुढे बसलेला माणूस तो; जे दिसेल ते तोलून पाहायची सवय लागलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी तीन जागा तोलल्या. तळेगावला हवा कोरडी, स्टेशन जवळ, पण म्युनिसिपालटीची घरपट्टी डोक्यावर. कामशेतला पट्टी नावापुरती, पण नियम एकही नाही. शेजाऱ्यानं उद्या आपल्या दारात म्हशी बांधल्या तर दाद कुणाकडे मागायची? तिसरी जागा लोणावळ्याबाहेर, म्युनिसिपालटीची हद्द जिथे संपते त्या दगडापासून बरोब्बर चाळीस पावलं पलीकडे. तिथे एका नव्या गृहरचना मंडळानं सन पस्तीसच्या सुमारास नऊ बंगल्या बांधल्या होत्या. घरपट्टी नाही, आणि नियमांचं छापील पुस्तक. म्हशी नकोत, कोंबड्या नकोत, दारात उखळीत कांडणं नको. अकराव्या नियमाखाली दत्तोबांनी लाल पेन्सिलीनं रेघ ओढली. प्रत्येक घर बारा महिने राहतं असलं पाहिजे. बंद आढळल्यास मंडळ ते परत घेईल.

कस्तुराबाईंना घरपट्टीशी कर्तव्य नव्हतं. त्यांचा संसार बावीस बिऱ्हाडांच्या रेल्वे चाळीत झालेला. वाटीभर मीठ उसनं आणायला गेल्या की दुपार काढून परतायच्या. त्यांनी अकरावा नियम नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि मगच मान हलवली.

“नागपंचमीला फेर धरायला चार बायका मिळाल्या तर मी तिथे राहीन,” त्यांनी बजावलं. “नाही मिळाल्या तर मी खडकीला भावाकडे. तुम्ही राहा तुमच्या नियमांपाशी.”

कस्तुराबाई बोलतात ते करतात, हे दत्तोबांना पुरतं ठाऊक होतं. जन्माचा फंड सात नंबरच्या बंगलीत गेला होता, आणि खरं सांगायचं तर एकट्यानं घरात राहायची त्यांना लहानपणापासून भीती वाटे.

आषाढात दोघं राहायला आली. धुकं इतकं की व्हरांड्यातून फाटक दिसेना. पावसाळ्याआधी तिकडे घरांना बाहेरून गवताचे तट्टे बांधतात, नाहीतर भिंती ओल धरतात; त्यामुळे नऊच्या नऊ घरं डोळ्यांवर पट्टी बांधून बसल्यासारखी दिसत होती. पण पहिल्याच तिन्हीसांजेला दत्तोबांनी बायकोला बाहेर बोलावलं आणि बोट करून दाखवलं. एक नंबरात दिवा लागला. मग दोन नंबरात. मग तीन, चार, पाच, सहा. सातवा यांचा, त्यांच्या व्हरांड्यात वारं फार, म्हणून त्यांनी कंदील आतच ठेवला होता. मग आठ, मग नऊ. सगळी घरं राहती आहेत, मोजून घे, असं ते ऐटीत म्हणाले.

मोजून घेणं सोपं होतं. भेटणं जमेना. प्रत्येक घराच्या कौलांतून सकाळ-संध्याकाळ धूर निघे, दोऱ्यांवर धोतरं-लुगडी असत, पण माणूस म्हणून दिसत नसे. बोलण्याचा आवाज नाही, पोराचं रडणं नाही. ऐकू येई तो फक्त खोकला. सकाळी एक नंबरातून, दुपारी चार नंबरातून, संध्याकाळी नऊ नंबरातून. आणि दर वेळी तोच खोकला: दोन आखूड, एक लांब.

दहाव्या दिवशी कस्तुराबाईंनी विचारलं, की दिवे रोज एकामागून एक, त्याच क्रमानं कसे लागतात? दत्तोबा म्हणाले, शिस्तीची माणसं आहेत. एवढ्या पावसात धुणं बाहेर कोण घालतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दत्तोबांनी डोंगरातल्या पाण्यानं कपड्याला कशी झळाळी येते ते समजावून सांगितलं. त्याच दुपारी कस्तुराबाई चार नंबरच्या कुंपणापर्यंत जाऊन आल्या. परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. दोरीवरच्या सदऱ्याच्या कॉलरवर शेवाळ आलं होतं.

पुढल्या शुक्रवारी त्यांच्याच उंबऱ्यावर हळद-कुंकू लावलेलं लिंबू सापडलं. त्यात सात टाचण्या खोचलेल्या. दत्तोबांनी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं; लिंबाबद्दल त्यात काही नव्हतं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी कस्तुराबाईंनी ट्रंक भरायला घेतली. एकेक लुगडं घडी करून. शेजारणींना स्वतः आमंत्रण देऊन येतो, असं सांगून दत्तोबा भर दुपारी छत्री घेऊन निघाले. दुपार कसली! तीन पावलांवर स्वतःचं घर धुक्यात पुसलं गेलं होतं.

तीन नंबरची बंगली सगळ्यात मोठी, म्हणून ते आधी तिथे गेले. व्हरांड्यात पुरुषी जोडे, शेजारी काठी. जोड्यात बेडूक बसला होता. कडी वाजवली तशी दार आपसूक आत गेलं. खोलीभर धूळ, आणि धुळीत अनवाणी पावलांची एकच वाट: मागच्या दारातून चुलीकडे, चुलीकडून दिव्याकडे, आणि परत. चुलीत ओली लाकडं धुमसत होती. वर भांडं नव्हतं. साऱ्या घरात भांडंच नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून खोकला आला. दोन आखूड, एक लांब. दत्तोबा चार नंबरात धावले. तिथेही धूळ, पावलं, रिकामी चूल. खोकला पाच नंबरात गेला. दत्तोबा मागोमाग पाच नंबरात. ट्रंक डोळ्यांपुढून हलत नव्हती. सहा नंबरच्या मागच्या दाराशी ते पोचले आणि धुक्यातून ती आकृती सामोरी आली. कमरेच्या वर नुसतं कुबड, डोकं नाही, आणि पोटाशी मिणमिणता उजेड. दत्तोबांच्या तोंडून मारुतीचं नावसुद्धा नीट फुटेना.

आकृतीही जागच्या जागी थबकली.

“म्होरं येऊ नगंस,” ती कापऱ्या आवाजात म्हणाली. “सात नंबरात कुनी ऱ्हात न्हाई, मला ठावं हाय. मग तितं रोज बोलतंया कोन?”

“मी,” दत्तोबा कसेबसे म्हणाले. “पडवळ. सात नंबरचा मालक.”

“मालक हितं ऱ्हात न्हाई. हितं एक बी मालक ऱ्हात न्हाई.”

दत्तोबांच्या छत्रीच्या काडीचा धक्का लागला आणि कुबड बाजूला सरकलं. ते पानांचं इरलं होतं. खाली एक वाळकी म्हातारी, हातात कंदील, तोंडावर यांच्याहून मोठी घाबरगुंडी. खालच्या वाडीतली बयाबाई.

मग सगळा उलगडा झाला. आठही मालक पुण्या-मुंबईत होते. प्रत्येकानं दत्तोबांसारखाच काटा धरला होता, घरपट्टी नाही म्हणून घर घेतलं होतं आणि पहिल्या पावसाळ्याला घाबरून काढता पाय घेतला होता. अकरावा नियम आडवा येऊ नये म्हणून प्रत्येकानं बयाबाईला गुपचूप काम सांगितलं होतं: दिवा लाव, चूल धुमसव, धुणं टांग, आणि कुणाच्या नजरेला पडू नकोस. हे आपल्यालाच सुचलं, अशी प्रत्येकाची समजूत. सात नंबरचं काम तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिथे दिवाही नसे, आणि तरी आतून आवाज येत. म्हणून ते लिंबू!

कस्तुराबाईंनी हे ऐकलं आणि बयाबाईला चुलीपाशी बसवून चहा दिला. दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी बयाबाई वाडीतल्या तिघींना घेऊन आली. मोजून चार बायका झाल्या, आणि तीन नंबरच्या मोठ्या खोलीत धूळ उडेस्तोवर फेर झाला. ट्रंक खाटेखाली गेली.

आठवड्यानं मंडळाचं पत्र आलं. नागपंचमीच्या संध्याकाळी चिटणीसांनी टांग्यातून, अर्थात खाली न उतरता, वसाहतीची पाहणी केली होती. आठ घरं राहती असल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं होतं. तीन नंबरात तर सण उत्साहानं साजरा होताना आढळला. फक्त सात नंबरात दिवा, धूर वा धुणं यांपैकी काहीच दिसलं नाही. सबब ते बंद धरून परत का घेऊ नये?

दत्तोबांनी चार पानी उत्तर लिहिलं आणि फाडून टाकलं. आपण राहतो म्हणून सांगायचं तर चिटणीस टांग्यातून उतरून घरोघर पाहणार आणि बाकीच्यांचं उघडं पडणार. बयाबाईचं काम जाणार आणि कस्तुराबाईंची एकुलती एक शेजारीण जाणार. दिवा वाऱ्यात टिकत नाही. स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर, तिचा धूर कौलाबाहेर पडत नाही. आणि चांगलं लुगडं पावसात टांगून कुजवायला कस्तुराबाईंनी साफ नकार दिला. असली कामं ज्याला जमतात त्यानंच करावीत; बयाबाईचे आठ दिवे वाऱ्यात कधी विझले नव्हते. शेवटी दत्तोबा खाली मान घालून बयाबाईकडे गेले आणि जमलं तर आमचंही घर बघत जा, असं म्हणाले.

बयाबाईनं पदरानं कंदिलाची काच पुसली.

“लावीन की दिवा,” ती म्हणाली. “पर मी येईन तवा तुमी दोगं बाहीर थांबा, भाऊ. मोकळ्या घराचं मला काय वाटत न्हाई. आत मानसं असली का लय भ्या वाटतं.”

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला पडवळ नवराबायको एका छत्रीखाली फाटकाबाहेर उभी असतात. धुक्यात सात नंबरचा दिवा लागतो. कौलातून धूर निघतो. आत कुणीतरी हळूच हिंडत असतं.

“कोण राहत असेल हो तिथे?” एकदा कस्तुराबाई कुजबुजल्या.

दत्तोबा छत्री सावरत थोडे मागे सरले.

“कुणी का असेना,” ते म्हणाले. “नियम पाळणारी माणसं दिसतात.”