लाल हात, हिरवी पाठ

विज्ञान प्रदर्शन सुरू व्हायला पंचवीस मिनिटं उरली होती, आणि कॉलेजचा सेवक धोंडीराम चार गडी लावून मैदानावरचं व्यासपीठ फाटकाकडच्या टोकापासून दुसऱ्या टोकाला नेत होता.

"धोंडीराम, हे काय चाललंय?" समाधान सर धापा टाकत आले.

"अध्यक्षसायबांच्या तोंडावर ऊन येतंय म्हनले. लिंबाच्या सावलीत घ्या म्हनले."

"अहो, पण माझा पंख फाटकाकडं तोंड करून उभा हाय!"

"मग फिरवा की सर. पंखच हाय."

पंख फिरवता आला असता तर सरांना एवढा घाम फुटला नसता. गेवराईच्या या कॉलेजात ते सहा वर्षं तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते. कायम करा म्हणून अर्ज दिला की संस्थेचे अध्यक्ष मोहनराव म्हणत, "कायतरी करून दाखवा सर, मग बघू." म्हणून सरांनी या वर्षी फळमाशीचा पंख दाखवायचं ठरवलं. खरी माशी दाखवायचा विचार होता, पण भज्यांच्या स्टॉलवाल्यांनी हरकत घेतली.

पिकल्या केळ्याभोवती घोंगावणारं चिलट म्हणजे ही फळमाशी. तिच्या पंखाच्या प्रत्येक पेशीवर एक केस असतो, आणि असे हजारो केस एकाच दिशेला, पंखाच्या टोकाकडे झुकलेले असतात. पेशींना कोणी मॉनिटर नसतो. पेशीच्या एका कडेला एक प्रथिन जमतं, समोरच्या कडेला दुसरं. एकाच पेशीत ही दोघं एकमेकांना आपल्या कडेवर टिकू देत नाहीत. पण शेजारच्या पेशीच्या कडेला विरुद्ध प्रथिन भेटलं की दोघंही तिथेच घट्ट बसतात. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला दिशा कळत जाते.

हे दाखवायला सरांनी ऐंशी मुलं घेतली. आठ-आठ जणांच्या दहा ओळी, एकामागे एक. प्रत्येकाच्या पाठीला हिरवं फडकं, पुढे केलेल्या हाताला लाल, ही ती दोन प्रथिनं. लाल हात पुढच्याच्या हिरव्या पाठीला टेकला पाहिजे. पुढच्याची हिरवी पाठ नाहीशी झाली, तर मागे फिरायचं. पुढे कोणीच नसेल, तर हात तसाच हवेत धरायचा.

इथवर ठीक होतं. पण सर पडले काटेकोर. पेशी मास्तरचं ऐकत नाही, म्हणून मुलांनीही ऐकता कामा नये. आठ दिवस ते तालमीत मुद्दाम ओरडत, "फिरा रे! मागं फिरा!" जो फिरेल त्याला मैदानाला दोन चकरा. अजिनाथ नावाच्या पोराने पहिल्याच दिवशी चौदा मारल्या होत्या. आठव्या दिवशी एकही मूल हललं नाही, तेव्हा सरांना भरून आलं होतं.

आता ते पुन्हा ओरडले. "मागं फिरा! व्यासपीठ तिकडं गेलंय!"

ऐंशीतलं एकही हललं नाही. अजिनाथ नुसता गालात हसला.

"अरे, खरंच सांगतोय!"

"काल बी असंच म्हनले होते सर," अजिनाथ समोर बघत पुटपुटला. "आज न्हाई फसायचो."

तेवढ्यात मोहनराव आले. लिंबाखालच्या खुर्चीत बसले आणि त्यांना समोर ऐंशी पाठी दिसल्या.

"सर, ही कोनती पद्धत? पाव्हन्याला पाठ?"

"साहेब, तो पंख आहे. त्याला दिशा—"

सरांचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण फाटकातून उपाध्यक्ष गहिनीनाथ आत येत होते. मोहनराव आणि गहिनीनाथ सहा वर्षं एका कागदावर सही करत नव्हते. एकाने करायची, दुसऱ्याने हरकत घ्यायची, असं संस्थेचं कामकाज चाले. सरांचा अर्जही त्यात अडकला होता, आणि जूनमध्ये सभासद या दोघांतून अध्यक्ष निवडणार होते.

गहिनीनाथांनी पाहिलं, दहा ओळी आपल्याकडे तोंड करून उभ्या आहेत आणि पहिल्या ओळीने लाल फडक्याचे आठ हात आपल्यापुढे केले आहेत. ते जागीच थांबले. मग पुढे होऊन प्रत्येक हात दोन्ही हातांत घेऊन दाबू लागले.

"एवढं कशाला करायचं रे पोरांनो? मी तर नुसता भजे खायला आल्तो."

लिंबाखाली मोहनराव उभे राहिले. "सर," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचा अर्ज माझ्याच टेबलावर हाय, एवढं ध्यानात असू द्या."

ओरडून उपयोग नव्हता. आपणच शिकवलेलं सरांना तेव्हा आठवलं. पंखाच्या मधल्याच एका पट्ट्यातलं प्रथिन काढून टाकलं, तर शेजारच्या धडधाकट पेशींचेही केस उलटे फिरतात. सर धावत पाचव्या ओळीत घुसले आणि पाठीवरची हिरवी फडकी ओढून काढू लागले.

"सर, माझं फडकं!" अजिनाथ कळवळला. "चकरा मारून कमावलंय मी!"

पण सहाव्या ओळीच्या हातांपुढची हिरवी पाठ गेली होती. सहावी ओळ गर्रकन फिरली. त्यामुळे सातवीपुढचं हिरवं गेलं, सातवी फिरली. आठवी, नववी, दहावी. दहाव्या ओळीचे आठ लाल हात थेट मोहनरावांच्या पुढे आले.

मोहनरावांचा चेहरा खुलला. मग त्यांनी मान उंच करून पलीकडे पाहिलं.

"आन् ती पुढची चाळीस?"

"ती फिरणार नाहीत, साहेब. फडकं काढलं की त्या पट्ट्याच्या एकाच बाजूचे शेजारी फिरतात. दुसऱ्या बाजूचे जिथल्या तिथं राहतात."

"म्हंजे सभासद बी?"

"पेशी, साहेब."

"तेच म्हनतोय मी."

मोहनरावांनी पुढचा अर्धा तास पंख कोणी पाहिला नसेल इतक्या बारकाईने पाहिला. पाचव्या ओळीभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्यांची पाठ वळताच गहिनीनाथ आले, त्यांनीही मारल्या, आणि सरांच्या कानाशी लागून विचारलं, "सर, फडकं कुन्या ओळीचं काढायचं, हे आधी ठरवता येतं का?"

सर घरी गेले ते नोकरी गेली असं धरूनच.

तिसऱ्या दिवशी धोंडीराम पाकीट घेऊन आला. "सर, पेढे काढा. दोघांच्या बी सह्या हायती एका कागदावर. मी दोनदा बघितल्या."

समाधान सरांनी कायम नेमणुकीचा आदेश वाचला. खाली मोहनरावांची सही होती आणि सहीखाली त्यांच्याच अक्षरात एक ओळ: "जूनमधील निवडणुकीच्या सर्वसाधारण सभेत सभासदांना बसवण्याची व्यवस्था सरांकडे राहील."

त्याखाली गहिनीनाथांची सही होती, आणि तिच्याखाली: "हरकत नाही. पाचवी ओळ आम्ही सांगू ती."