आवाजापुरती भजी

आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि मुलाने घरात जाहीर केलं, "आजपासून तळण बंद!" (जाहीर करणं हे त्याचं खातं, अंमलबजावणी बायकोची.) पण बायको नर्स आणि तिची पाळी संध्याकाळची. त्यामुळे विमा कचेरीतून थकूनभागून आल्यावर आईसाठी वडे करायचं काम कारकूनसाहेबांच्याच गळ्यात पडलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिन्यांत चरबी उतरली नाही तर आईंना दवाखान्यात दाखल करावं लागेल. आईने बजावलं होतं, तळलेलं नसेल तर मी तोंडात घासही घालणार नाही. पहिल्याच संध्याकाळी तिने ताटली परत पाठवली.

"चुर्र झालं नाही."

"काय झालं नाही?"

"वडा तेलात पडला की चुर्र होतं. मला इथे ऐकू आलं नाही."

आईने जन्मभर गाणं शिकवलं होतं. गुडघ्यांमुळे ती स्वयंपाकघरापर्यंत येत नसे, पण तिचे कान तिथे आधीच जाऊन बसलेले असत.

दुसऱ्या दिवशी आप्पेपात्रात थेंबभर तेलावर मुगाचे वडे लावून त्याने पिठाच्या डब्यामागे मोबाईल ठेवला आणि तळणाचा व्हिडिओ सुरू केला. काय ती चुरचुर! बाहेर आई खुशीत गुणगुणायला लागली. आणि ऐन रंगात आतून एक बाई उत्साहाने ओरडली, "स्वतःचं घर हवंय? आजच फोन करा!"

"कोण आहे रे आत?"

"कोणी नाही!"

"बाई बोलली."

"शेजारच्या काकू गं!"

"घर विकतायत? आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत?"

(त्या निष्पाप काकूंशी आई पुढे आठवडाभर बोलली नाही.)

शेवटी बायकोनेच तोडगा काढला. "छोट्या कढईत चार भजी तळ. फक्त आवाजापुरती. आणि टाकून दे."

युक्ती लागू पडली. आई मुकाट्याने वडे खायला लागली. पण अन्न टाकायचं नाही, हे त्याला आईनेच लहानपणी कान पिरगाळून शिकवलेलं. संस्कार असे नको तेव्हा आडवे येतात! तो बिचारा फ्रिजकडे तोंड करून, जीभ पोळत, उभ्या उभ्या ती चार भजी संपवायचा. मग आवाज जरा भरदार हवा म्हणून चाराची आठ झाली. कांद्याचा सूर जास्त मोकळा लागतो, असाही शोध लागला. आईच्या प्रकृतीसाठी माणूस काय काय सोसत नाही!

तीन महिन्यांनी आईचा रिपोर्ट बघून डॉक्टर खूश. "वा! आजी, खाता काय?"

"रोज तळलेले वडे. हाच करतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. आईच्या मागे उभं राहून तो डोळे मिचकावून मिचकावून खुलासा करत होता.

"डोळ्याला काय झालंय तुमच्या? आणि जिना चढून एवढी धाप? जाताना रक्त देऊन जा."

त्याचा रिपोर्ट आला तेव्हा बायकोने तो दोनदा वाचला आणि कमरेवर हात ठेवले. "आवाजापुरती ना?"

त्या संध्याकाळी आईच्या शेजारी त्याचीही ताटली मांडली गेली. त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या हातचा वडा खाल्ला आणि तो घशाखाली उतरेना.

"आई, हे तू तीन महिने कसं खाल्लंस गं?"

"जिवावर उदार होऊन."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"कढईत पडतायत आठ आणि ताटलीत येतायत पाच. ताल कळतो मला अजून!"

त्याला भरून आलं. "मग बोलली का नाहीस? माझं मन राखायला?"

"कसलं मन!" आईने वडा बाजूला सारला. "रोज वाटायचं, आज तरी मेला एखादं भजं बाहेर आणून देईल!"