हेडाऊकाकांचं बोट

हेडाऊकाकांनी आजवर ज्यांना आउट दिलंय त्यांत एक नवरदेव आहे, दोन भाजीवाले आहेत, आमच्या कॉलनीचे अध्यक्ष आहेत आणि खुद्द हेडाऊकाकू आहेत. नवरदेव मुहूर्त टळून तासभर झाल्यावर घोड्यावरून आला. लॉनच्या दारात उभे असलेले काका काही बोलले नाहीत. उजव्या हाताची तर्जनी कानापर्यंत वर केली आणि शांतपणे दुसरीकडे बघू लागले. अध्यक्षांचा गुन्हा असा की, पाण्याची टाकी धुतली असं त्यांनी भर सभेत सांगितलं. काका सभेआधी टाकीत वाकून बघून आले होते. काकूंचं प्रकरण वरणातल्या मिठाचं. "चाळीस सालात यायनं मले तीन खेपा आउट देलं," काकू हसत सांगतात. "मी काही सयपाकखोलीच्या बाहेर गेली नाही."

काका भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. बोट वर जातं आणि ते पुटपुटतात, "मालात खोट आहे, गा."

ही नोकरीतली सवय. आयुष्यभर ते हातमागाच्या एका सहकारी संस्थेत कापड तपासायचे. विणकरानं आणलेलं लुगडं टेबलावर पसरायचं, भिंगातून एकेक तार बघायची आणि तार तुटलेली दिसली की लुगडं नापास. निवृत्त झाले, नागपुरात बेसाला आमच्या कॉलनीत राहायला आले, पण ते टेबल काही सुटलं नाही.

आणि अशा माणसाला आम्ही आमच्या क्रिकेट टीमचा अंपायर केला.

आमच्या टीमचं नाव 'शेर-ए-बेसा'. शेरांचं सरासरी वय त्रेचाळीस. दोघांच्या गुडघ्यांना पट्टे आहेत. मी विकेटकीपर आहे, कारण मला धावता येत नाही. अंपायर म्हणून उन्हात उभं राहायला कोणीच तयार नसायचं. काका तयार होते, आणि त्यांच्याकडे नोकरीतला पांढरा कोट होता. शुक्रवारी संध्याकाळीच तो इस्त्री होऊन खुंटीला लागायचा. रविवारी सकाळी सातला निघायचं असलं की काका साडेसहाला गेटवर. पोरगा बंगलोरला, मुलगी रायपूरला. काकूंचा रविवार भजनमंडळात जायचा. काकांचा रविवार म्हणजे आम्ही, एवढं मला दिसत होतं.

आता, मैत्रीच्या सामन्यांचा एक रिवाज आहे. बाहेरचा अंपायर कोण आणणार? म्हणून बॅटिंग करणाऱ्या टीमचीच दोन माणसं दोन टोकांना उभी राहतात. आपल्या अंपायरनं आपल्या माणसाला पायचीत द्यायचं नसतं. हे कुठंही लिहिलेलं नाही, कारण लिहायची गरजच पडत नाही. तुमचा पाय स्टंपांच्या मधोमध असो, चेंडू त्यावर आदळून तुम्ही कळवळत असा, घरचा अंपायर ढगांकडे बघतो. समोरच्या टीमला राग येत नाही. त्यांचाही अंपायर ढगांकडेच बघणार असतो.

हेडाऊकाका चेंडूकडे बघायचे.

पाच सामन्यांत त्यांनी आमचे चौदा जण पायचीत दिले. पाचही सामने आम्ही हरलो. शेवटी आमचा कॅप्टन सागर गेटवर त्यांच्यासमोर उभा राहिला. सागर टीममधला सगळ्यात तरुण, एकतीस वर्षांचा, आणि हरणं मनाला लावून घेणारा एकमेव. पुढचा सामना खाप्याला होता.

"काका, खाप्यात एक जरी एलबीडब्ल्यू देलं, तर पुढच्या मॅचपासून तुम्ही घरी बसाचं."

"पाय आडवा आला तं?"

"आला तरी नाही द्याचं."

काकांनी वाकून चपलेचा पट्टा सरळ केला. मग म्हणाले, "बरं." आम्हाला वाटलं, मान्य केलं.

खाप्याला जाताना टेम्पोत काका कधी नव्हे ते बडबडत होते. खापा त्यांचं गाव. तीस-पस्तीस वर्षांनी जात होते. कन्हान नदीचं पात्र दिसलं तसे खिडकीतून अर्धे बाहेर आले. "इथं पवाले शिकलो मी. अन् त्या गल्लीत घरोघरी माग होते गा. एकमेकाशी बोलाचं तं ओरडा लागे." आता त्या गल्लीत मोबाइलची दोन दुकानं होती. काकांनी मान वळवून दिसेनाशी होईपर्यंत ती गल्ली बघितली.

सामन्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो झालाच थोडक्यात. खाप्याच्या पोरांनी पंचवीस ओव्हरमध्ये दोनशे बारा धावा केल्या. त्यांतल्या काही त्यांनी पळून काढल्या, बऱ्याचशा आम्ही अडवल्या नाहीत म्हणून झाल्या.

मग सागर ओपनिंगला गेला. नवीकोरी बॅट, आदल्याच दिवशी प्लास्टिक काढलेलं. पहिलाच चेंडू आत वळला आणि त्याच्या पॅडवर आदळला. बोलरनं सवयीनं हात वर केले, त्याची स्वतःचीही काही अपेक्षा नव्हती. गोलंदाजीच्या टोकाला हेडाऊकाका उभे होते. मी बाहेरून बघत होतो. काकांचा हात खिशात होता, आणि तो तिथंच राहावा म्हणून मी मनातल्या मनात नवस बोललो.

हात खिशातून निघाला आणि बोट वर गेलं.

"काका, बॅट लागली ना आधी," सागर म्हणाला. बॅटला लागून चेंडू पायावर आला तर पायचीत होत नाही, हे आमच्या टीममध्येसुद्धा सगळ्यांना ठाऊक आहे.

"मले तं एकच आवाज आला, गा."

सागर बाहेर आला, बॅट किटच्या ढिगावर फेकली आणि टेम्पोच्या मागे जाऊन बसला.

काकांची जागा गेली, हे काकांसकट सगळ्यांना कळलं. मग त्यांनी हात आखडता घेतला नाही. दुसऱ्या टोकाला आमचा डेंटिस्ट अंपायर होता, तो इमानेइतबारे ढग मोजत होता. त्यामुळे आमचा प्रत्येक फलंदाज एक धाव काढून काकांसमोरून पळायच्या मागे लागला आणि त्यात तिघे रनआउट झाले. तिकडे खाप्याच्या सगळ्या बोलरांना काकांच्याच टोकाकडून बोलिंग टाकायची होती. त्यावरून त्यांच्यात भांडण लागलं. शेवटी त्यांच्या कॅप्टननं चिठ्ठ्या टाकल्या.

मी अकरावा. माझा पाय कुठं होता हे मला पक्कं ठाऊक होतं. तो जिथं नको तिथंच होता. मी काकांकडे आशेनं बघितलं. या माणसाला टीममध्ये ठेवा म्हणून सागरकडे शब्द टाकणारा मी होतो. काकांनीही माझ्याकडे बघितलं, अगदी ओळखीनं. बोट वर केलं.

सर्वबाद एकतीस. त्यांत अकरा धावा वाइडच्या. सहा जण पायचीत.

खाप्यावाल्यांनी जेवण ठेवलं होतं, पातोडीची भाजी आणि भात. पंगत बसली. "गाववाल्यायचा पुळका आला असन," डेंटिस्ट म्हणाला. कोणी हसलं नाही. सागरनं सरळ सांगून टाकलं, "आज शेवटचं. आता काकाले कोणी बोलवाचं नाही." मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा राग आला होता.

काका पंगतीला नव्हते. किट भरायचं काम त्यांचंच असायचं. मी हाक मारायला गेलो, तर ते टेम्पोच्या सावलीत मांडीवर सागरची बॅट घेऊन बसलेले. उन्हाच्या तिरिपेत बॅट तिरकी धरून आतल्या कडेवर अंगठा फिरवत होते.

"हे पाहा," ते म्हणाले.

नव्याकोऱ्या बॅटवर चेंडूचा एकच लाल डाग होता. बरोबर आतल्या कडेला. त्या बॅटनं आयुष्यात एकच चेंडू बघितला होता, आणि तो तिला लागला होता.

सागरनं रागात बॅट बघितलीच नव्हती. बाकी कोणाच्या लक्षात यायचा प्रश्न नव्हता. मी हळूच म्हणालो, "काका, ओल्या फडक्यानं पुसा. निघून जाईल."

काकांनी त्या डागावर अंगठा ठेवला.

"माहा बाप याच गावात माग चालवे. मी नोकरीवर नवा होतो, अन् त्याचं लुगडं माह्या टेबलावर आलं. भिंगातून पायलं तं काठाजवळ तार तुटली होती. नापास केलं. बापानं लुगडं खांद्यावर टाकलं अन् गेला. त्याच्यानंतर दुसऱ्यायचे दोन लुगडे पायले, तं त्याच जागी तशीच तार. मंग समजलं. भिंगाले केस चिकटला होता."

"मग सांगितलं ना त्यांना?"

"सायेब समोर बसला होता. म्हटलं, घरी सांगू. घरी गेलो तं बाप आईले म्हणून राहिला होता, आता माहा हात चालत नाही म्हणून. तेव्हाबी तोंड उघडलं नाही. दिवाळीआधी त्यानं माग विकला." काकांनी डागावरून अंगठा काढला. "आठ वर्षं जगला त्याच्यानंतर. रोज सांगतो सांगतो म्हटलं."

मला फडक्याचं बोललो याची लाज वाटली.

काका उठले. कोटाची बटणं नीट लावली आणि बॅट घेऊन पंगतीकडे चालू लागले. मी मागून गेलो. सागरसमोर जाऊन ते उभे राहिले, तशी आमची आणि खाप्याची, दोन्ही टीमची माणसं जेवायची थांबली.

"सागर, तू आउट नव्हता." त्यांनी बॅटची कड त्याच्यासमोर धरली. "खोट माह्या नजरेत होती, बेटा. तुहा हात बरोबर होता."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फुटला. सागरला वाटलं, त्याच्यासाठीच फुटला.

सागरनं डाग बघितला. सकाळपासून हेच ऐकायला तो तडफडत होता. त्यानं बॅट बाजूला ठेवली, डेंटिस्टला कोपरानं सरकवलं आणि चटईवर जागा केली.

"बसा, काका. भात थंडा होऊन राहिला," तो म्हणाला. "अन् पुढच्या रविवारी सहालाच निघाचं आहे. उमरेडची मॅच लवकर आहे."

काका बसले. सागरनंच त्यांच्या ताटात भाजी वाढली. बराच वेळ त्यांनी घास उचलला नाही, आणि आम्हीही घाई केली नाही.