माझं अजून ठरलेलं नाही

जानेवारी अर्धा सरला तरी वर्लिन हाउगनच्या दारावरची बेल कुणी वाजवली नाही, तेव्हा त्याने बर्फात बाहेर जाऊन ती स्वतःच दाबून पाहिली. वाजत होती. मग आत येऊन फोन कानाला लावून पाहिला. तोही ठणठणीत होता.

दर चार वर्षांनी या दिवसांत त्याच्या स्वयंपाकघरात बसायला जागा नसे. देशाच्या अध्यक्षपदाला कोण उभं राहणार, हे पक्ष एकेका राज्याला विचारून ठरवायचा आणि त्यात पहिला मान वर्लिनच्या आयोवाचा. त्यामुळे बर्फ तुडवत उमेदवार यायचे, त्यांचे कार्यकर्ते यायचे, चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा झणझणीत रस्सा, ओरपायचे आणि विचारायचे, "मग काका, मत कुणाला?" बायको, आर्लिस, गेल्यावर वर्लिनला एक गोष्ट कळून चुकली होती. ज्याचं ठरलं, त्याच्याकडे पुन्हा कुणी फिरकत नाही. म्हणून तो मान हलवायचा, "माझं अजून ठरलेलं नाही." की दुसऱ्या दिवशी माणसं पुन्हा हजर!

यंदा पक्षानेच घात केला. आयोवाची पाळी जूनवर ढकलली आणि पहिला मान दिला दक्षिण कॅरोलिनाला. जूनपर्यंत उमेदवार ठरून गेलेला असणार. मग या मक्याच्या शेतांत तडमडायला कोण येतो? न राहवून वर्लिनने स्वतःच एका उमेदवाराच्या कचेरीत फोन लावला.

"माझं अजून ठरलेलं नाही."

"अरे वा! कुठून बोलताय?"

"आयोवा."

"अच्छा." पलीकडचा उत्साह मावळला. "मे महिन्यात बोलू हं, काका."

त्याच संध्याकाळी दक्षिण कॅरोलिनातून मेहुणीचा फोन आला. लोरेटा ही आर्लिसची धाकटी बहीण. नवऱ्याच्या माघारी एकटी राहायची आणि एरवी फक्त नाताळात फोन करायची.

"वर्लिन, जीव नकोसा केलाय रे या प्रचारवाल्यांनी! घास तोंडात घालावा तर फोन. शेवटी मी सगळ्यांना तुझा नंबर देऊन टाकलाय. त्यांना सांग, लोरेटाचं ठरलंय, आता पिडू नका."

"एवढंच ना? सांगतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. 'ठरलंय' हा शब्द वर्लिनच्या अगदी ओठांवर आला होता. पण पलीकडची मुलगी मोठी गोड बोलत होती आणि इकडे घर खायला उठलं होतं.

"लोरेटाचं ना? छे हो, अजून कुठे!" तो खुर्ची ओढून बसला. "औषधांच्या किमतींची फार काळजी करते ती. आणि तिला फोनवर पटत नाही. समोरासमोर बोलावं लागतं."

झालं! त्या अख्ख्या गल्लीत अजून न ठरलेली एकच बाई उरलीय, ही बातमी एका कचेरीतून दुसरीत गेली. वर्लिनचा फोन खाली राहीना. आठवड्याभरात कुठल्या कार्यकर्त्याच्या आईचे गुडघे दुखतात, हे त्याला तोंडपाठ झालं. आणि मग लोरेटा कडाडली.

"मेल्या, काय सांगितलंस तू त्यांना? आज खुद्द उमेदवार दारात! मागे कॅमेरेवाले! आणि मी डोक्याला कर्लर गुंडाळून उभी!"

"मग? काय म्हणाला?"

"म्हणणार काय! निम्मा पीचचा केक फस्त केला, आणि विचारतो, बाई, तुमचं ठरलं का?"

"मग तू काय सांगितलंस?"



"म्हटलं, नाही. 'ठरलंय' म्हटलं असतं तर लगेच उठून गेला असता ना रे तो."

त्यानंतर लोरेटा रोज संध्याकाळी वर्लिनला झापायला फोन करू लागली आणि झापता झापता कोण आलं, काय खाल्लं, ते तासभर सांगू लागली. मग तिच्याकडचं मतदान पार पडलं आणि सगळं एकदम चिडीचूप झालं. वर्लिन उरलेली चिली गरम करून एकटाच खात बसे. पुन्हा एकदा त्याने बाहेर जाऊन बेल दाबून पाहिली.

परतला तर फोन वाजत होता.

"कुणी आलं होतं का गं?" त्याने विचारलं.

"आता कोण मरायला येतंय!" लोरेटाचा आवाज बारीक झाला होता. "ओसरीवरच्या खुर्च्या मी अजून आत नेल्या नाहीत. केकही करून ठेवलाय, वेड्यासारखं."



"आमची पाळी जूनमध्ये आहे," तो म्हणाला. "कुणी काळं कुत्रं येणार नाही. तू येतेस का?"



"माझं अजून ठरलेलं नाही," लोरेटा म्हणाली.

वर्लिन खुर्ची ओढून बसला.

"बरं," तो म्हणाला, "मग उद्या पुन्हा फोन करतो."