पाय कोलशेतला, आशीर्वाद डोंबिवलीहून

हरिहर गुप्ते यांचे पाय कोलशेतच्या प्रदर्शनात गेले आणि ते स्वतः डोंबिवलीत घरीच राहिले, याला कारण त्यांचा स्वभाव. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने, सुमेधाने, कंपनीतली चांगली नोकरी सोडून कला करायची ठरवली आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं फोनच्या पडद्यावरच उरलं. दिवाळीला तिने जोडलेले हात पाठवायचे, त्यांनी उलट अंगठा पाठवायचा.

"पायांचा साचा हवा तर घेऊन जा," ते म्हणाले होते, "मी काही तिथे यायचा नाही." हेसुद्धा त्यांच्या पत्नीने, नीरजाबाईंनी, दोन दिवस अबोला धरल्यावर.

प्रदर्शनाचा विषय होता मोबाइलच्या जमान्यातला स्पर्श. एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये जागोजागी 'कृपया हात लावा' अशा पाट्या होत्या. सुमेधाने तिथे बाबांचे रबरी पाय मांडले होते. त्यांना कुणी हात लावला की डोंबिवलीत नीरजाबाईंनी हरिहररावांच्या घोट्यावर बांधलेला पट्टा थरथरायचा. मग त्यांनी डाव्या हातातलं बटण दाबायचं, की इकडे पायांवरचा दिवा लागायचा. दिवसाला दहाबारा माणसं बोट लावून बघतील, असा तिचा अंदाज. बाबांनी एकदा तरी स्वतः येऊन हे पाहावं, एवढीच तिची इच्छा होती. बाकी समीक्षक गेले खड्ड्यात.

पहिल्या दिवशी अंदाज बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी शेडमालकांच्या आई, जाईबाई, नक्की काय चाललंय ते बघायला आल्या.

"बाय, ये कोनाचे पाय हान गो?"

"माझ्या बाबांचे."

"मंग नुसती बगत काय रायलीस?" असं म्हणून जाईबाईंनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि दोन्ही हातांनी पाय धरले. दिवा लागला. त्याच संध्याकाळी त्यांच्या नातवाचं चार वर्षं रखडलेलं लग्न जमलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडबाहेर चपलांचा ढीग आणि आत हारांचा. जाईबाईंनी अख्ख्या गावाला पाठवलं होतं, आणि मालकांच्या आईला नाही म्हणणार कोण? सुरक्षारक्षक कमलेशने मुकाट्याने रांग लावली. "चला, एकेक जण! पाया पडा, दिवा बघा, पुढे सरका! ओ काकू, नारळ नाय फोडायचा, आर्ट आहे ते!"

इकडे हरिहररावांचे हाल कुत्रा खाईना. ते वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानदारांचे काटे तपासण्यात तीस वर्षं गेलेली, त्यामुळे मापात पाप त्यांना खपत नसे. नुसतं बटण दाबणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. पट्टा थरथरला की ते हातातलं काम खाली ठेवत, उजवा हात उचलून 'आयुष्मान भव' असं पूर्ण म्हणत आणि मगच बटण दाबत. त्या दिवशी चहा चारदा गार झाला आणि दाढी एकाच गालाची झाली.

"अहो, निदान आंघोळ तरी उरका," नीरजाबाई म्हणाल्या.

"कशी उरकू? ओलेत्याने आशीर्वाद देऊ?"

"मग तो पट्टा काढून ठेवा."

"आणि तिकडे दिवा लागला नाही तर? त्या माणसाला वाटेल, आपलंच काहीतरी चुकलं."

दुपारपर्यंत उजवा खांदा भरून आला. त्यांनी सुमेधाला सहा फोन केले, पण तिचा फोन हारांच्या ढिगाखाली गेला होता. शेवटी अर्ध्या दाढीनिशी ते रिक्षात बसले. वाटेत पट्टा काही थांबेना. त्यांचा हात वर गेला की आरशात बघून रिक्षावाला ब्रेक मारी. "काका, इथेच उतरायचंय का?"

असं बावीस वेळा थांबत ते कोलशेतला पोहोचले.

"आजोबा, लायनीत या," कमलेशने अडवलं.

"अरे, ते माझे पाय आहेत!"

"सकाळपासून सगळे असंच कायतरी बोलून पुढे घुसतायत. मागे जा."

रांग मोडणं हरिहररावांना आयुष्यात जमलं नव्हतं. तासभर पुढच्यांना आशीर्वाद देत देत त्यांचा नंबर आला. समोर त्यांचेच पाय, उजव्या अंगठ्याच्या वाकड्या नखासकट. मागून ढकलाढकली चाललेली. नमस्कार केल्याशिवाय रांग हलणार नव्हती. ते वाकले आणि त्यांनी स्वतःचेच पाय धरले. घोटा थरथरला. उजवा हात सवयीने वर गेला. "आयुष्मान भव," त्यांनी स्वतःला आशीर्वाद दिला आणि बटण दाबलं. दिवा लागला, पण गुडघा अडकला.

"आजोबा, उठा की! किती मागणार अजून?" मागून कुणीतरी ओरडलं.

"अहो, उठता येत नाहीये!"

तो आवाज ऐकून सुमेधा गर्दीतून घुसलीच. "बाबा?"

त्यांनी उजवा हात वर केला. तिने तो घट्ट धरला आणि त्यांना उभं केलं. तीन वर्षांनी बाबांचा हात हातात आला होता. तिला एकदम रडू आलं. ते ओल्या डोळ्यांनी आधी पायांकडे बघत राहिले, मग दिव्याकडे. ती निकालाची वाट बघावी तशी उभी.

"फार खाली ठेवलेयस," अखेर ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाने वाकायचं कसं? चांगलं कमरेएवढं टेबल घे."

"बरं. आणि?"

"नख हुबेहूब झालंय. मी उगाच तीन दिवस घरी बसलो. खरं म्हणजे तीन वर्षं."

पुढच्या बाई वाकल्या. त्यांनी पाय धरले, वर बघितलं, पुन्हा धरले. दिवा लागेना. रांगेत कुजबुज सुरू झाली. "बाबा, पट्टा बंद पडला का?" सुमेधाने विचारलं.

"चांगला थरथरतोय," हरिहरराव म्हणाले आणि त्या बाईंकडे वळले. "जरा थांबा हं ताई. उजवा हात रिकामा नाहीये."